शेवटचा हात

दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दिवस हे आपल्याकडे मोटारींच्या सर्व्हिसिंगचे दिवस. खंडेनवमीला गॅरेजातले पाने, जॅक आणि हातोडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात, गाड्यांच्या तोंडाला झेंडूच्या माळा चढतात, आणि सोने लुटून झाले की ज्याला त्याला आपली गाडी दिवाळीच्या आत तयार हवी असते. कुणाला लेकीला सासरहून आणायचे असते, कुणाला भाऊबीजेला बहिणीकडे जायचे असते. गॅरेजवाला सगळ्यांना 'परवा या' म्हणतो आणि रात्रीचा दिवस करतो.

मागल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी अशीच गाडी देऊन आणली. धुऊनपुसून आरशासारखी झालेली ती गाडी पाहून घरातली मुले हरखली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. शेजारी तावातावाने आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "चांगली चालत होती हो! उगाच हात लावायला दिली. आता दुसऱ्या गॅरेजवाल्याला बोलावतो आणि सगळी उघडून बघायला सांगतो."

मी त्यांना म्हटले, "सगळी कशाला उघडता? शेवटचा हात कुठे लागला होता तेवढे बघा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी काही मोटारीतला जाणकार नव्हे. हे शहाणपण मी एका माणसाकडून, एका रस्त्यावर, वयाच्या दहाव्या वर्षी ऐकले होते. पुढे वाचनाच्या नादात असे ध्यानात आले की त्या एका वाक्यामागे केवढा तरी इतिहास उभा आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आले.

*

आधी आमच्या मुलुखाविषयी दोन शब्द. परभणी जिल्हा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग. आमच्या भागात आगगाडी आली ती मनमाडहून हैदराबादकडे जाणारी छोट्या रुळांची. तिच्या दोन्ही अंगांना खेडी पसरलेली, आणि त्यांना जोडणारी वाहतूक म्हणजे बैलगाडी. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने स्वतःचे रस्ते-वाहतूक खाते काढले. तेव्हा त्या खात्याजवळ २७ मोटारगाड्या होत्या आणि १६६ माणसे. संस्थानाच्या त्या अवाढव्य पसाऱ्यात सत्तावीस गाड्या म्हणजे मीठसुद्धा नव्हे! तरीही एवढ्या गाड्या चालवायच्या म्हणजे त्या दुरुस्त करणारी माणसे हवीत. लोहार, सुतार, बंदुका दुरुस्त करणारे, घड्याळजी अशा नाना हातांतून आपल्या देशातला पहिला मोटार-मेस्त्री घडला.

या धंद्यातले शब्द पाहिले तर निम्म्या जगाची सफर घडते. 'मेस्त्री' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद. 'गॅरेज' फ्रेंचांचे. 'शोफर'ही त्यांचाच, आणि त्याचा मूळ अर्थ आग पेटवणारा, म्हणजे वाफेच्या यंत्रात कोळसा सारणारा. सर्वांत गमतीचा शब्द 'स्टेपनी'. गाडीच्या मागे ठेवलेल्या जादा चाकाला आपण खेड्यापाड्यांतून स्टेपनी म्हणतो. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक बनवून विकायला काढले आणि त्याला रस्त्याचेच नाव दिले. खुद्द विलायतेत तो शब्द विसरला गेला, पण जिंतूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी तो अजून जिवंत आहे.

पहिल्या मोटारी सुरू करायच्या त्या समोरून लोखंडी हँडल मारून. इंजिनाने उलटा झटका दिला की माणसाचे मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. त्याच्याच हातून बॅटरीवर चालणारी ठिणगीची रचनाही आली. ती पुढे साठसत्तर वर्षे जगातल्या बहुतेक मोटारींत राहिली. तिची मी येथे आठवण काढतो, कारण आमच्या गोष्टीतले सगळे रामायण त्या ठिणगीपाशीच घडले.

*

हिंदुस्थानात मोटारी जोडण्याचे कारखाने प्रथम परदेशी कंपन्यांनीच काढले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली, आणि १९४४ मध्ये आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कुर्ल्याचा कारखाना मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की जो कारखाना हळूहळू सगळे भाग याच देशात बनवील त्यालाच येथे राहू द्यायचे. त्यामुळे १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही येथला गाशा गुंडाळला. उरल्या त्या मोजक्या देशी कंपन्या. बिर्लांची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यावर कैक वर्षे देशाने भागवले.

या धोरणाने देशात कारखानदारी रुजली हे खरे; परंतु गाड्यांचा कायमचा दुष्काळही पडला. फियाटसाठी नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी रीत होती. म्हणून मिळालेली गाडी कुणी टाकून देत नसे. ती डॉक्टरकडून वकिलाकडे, वकिलाकडून दुकानदाराकडे आणि तेथून शेवटी टॅक्सीवाल्याकडे जाई. पंधरा-वीस वर्षे एकाच गाडीला जगवायची तर मेस्त्री हा घरच्या वैद्यासारखाच लागणार. घरोघर ठरलेला मेस्त्री असे, आणि 'आमच्या मेस्त्रीसारखा दुसरा नाही' असे प्रत्येक घर म्हणत असे. अँबॅसडरचा कारखाना २०१४ साली बंद झाला. फियाटच्या वंशातली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. गाड्यांबरोबर तो घरचा वैद्यही बहुतेक गेला.

*

आता येलदरीची गोष्ट.

जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे. ते १९६८ साली पुरे झाले. पायथ्याशी साडेसात-साडेसात मेगावॅटची तीन जनित्रे असलेले वीजघर आहे. धरणाबरोबर यंत्रे आली, यंत्रांबरोबर फिटर आणि वेल्डर आले, आणि माळरानावर सरकारी वसाहत उभी राहिली. आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. माझे बाळपण त्या वसाहतीत गेले.

या धरणाच्या पाण्यात जी शेते गेली त्यांत आमच्या आजोबांचेही शेत होते. म्हणजे बापाचे शेत बुडवणाऱ्या धरणावरच लेकाची नोकरी! अण्णा यावर कधी बोलत नसत. आजोबा १९६१ साली वारले. त्यानंतर जमिनीचा मोबदला आला, तो सही करून अण्णांनी घेतला. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, हिंगोलीला दिलेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत लेकीलाही वारसा दिला होता, पण तो कायदा आमच्या गावापर्यंत तेव्हा पोचला नव्हता, किंवा पोचला असेल तर कुणी त्याला दार उघडले नव्हते. आत्याने एकदा विचारले. अण्णांनी तिरसट उत्तर दिले. तेव्हापासून भाऊबीज बंद पडली, ती सात वर्षे बंदच होती.

१९७६ साली अण्णांनी परभणीच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली. आयुष्यभराच्या शिलकीतून घेतली. परंतु नातेवाइकांत लगेच बोलवा झाली की बुडालेल्या शेताची मोटार झाली. ती बोलवा हिंगोलीला पोचल्यावाचून कशी राहील? दिवाळीच्या आधी आत्याचे पोस्टकार्ड आले. त्यात चार ओळी होत्या. शेवटी लिहिले होते, 'गाडी घेतलीस असे कळले. गाडीने ये नाहीतर बैलगाडीने ये, पण या भाऊबीजेला ये.'

अण्णांनी ते कार्ड तीनदा वाचले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते परभणीला बँकेत जाऊन आले, आणि जाताना गाडी सर्व्हिसिंगला टाकून आले. बँकेतून काय आणले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. आईने मात्र एक जाड पाकीट पाहिले होते. गाडी पाडव्याच्या संध्याकाळी हाती आली. मेस्त्री म्हणाला, "ऑइल बदललंय, प्लग साफ केलेत, पॉइंट नवा टाकलाय. डोळे मिटून हिंगोलीला जा."

भाऊबीजेच्या दिवशी जेवणे उरकून आम्ही निघालो. येलदरीहून सेनगावमार्गे हिंगोलीचा रस्ता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती; वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. पूर्णा मागे टाकून पाचसहा किलोमीटर गेलो असू, तोच गाडी ठसकायला लागली. दोनतीन आचके देऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पेट घेत नसे.

अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. "चोर आहेत लेकाचे!" असे म्हणून त्यांनी बॉनेट उघडले आणि पान्यांची पिशवी काढली. पेट्रोल येत नसावे अशा समजुतीने त्यांनी कार्बोरेटरचा एक स्क्रू सैल केला, मग दुसरा. आई म्हणाली, "अहो, तुम्हांला त्यातलं कळतं का?" त्यावर त्यांनी तिसरा सैल केला. ऊन उतरायला लागले. आत्या ओवाळणीचे ताट करून दारात बसली असेल, आणि आपण पोचलो नाही तर ती काय समजेल, हे आम्हां सगळ्यांच्याच मनात होते. सात वर्षांनी बोलावल्यावरही भाऊ आला नाही, एवढेच ती समजणार. गाडी बंद पडली होती हे मागाहून सांगून कुणाला खरे वाटते? आणि त्यातून तीच गाडी!

इतक्यात सायकलवरून वीजघरातला एक वयस्क फिटर आला. त्याला वसाहतीत सगळे चाचा म्हणत. तो उतरला, त्याने सलाम केला आणि अण्णांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला. म्हणाला, "साब, पहले कुछ मत खोलो. ये बोलो, इसको आखरी हात किसका लगा?"

"परभणीत सर्व्हिसिंग केलं. कालच आणली."

"क्या क्या किया उनो?"

अण्णांनी मेस्त्रीचे शब्द सांगितले: ऑइल, प्लग, पॉइंट.

"बस. तो वहींच देखते. जिसकू हात लगा नहीं, उसपे शक काय कू?"

त्याने प्रथम अण्णांनी सैल केलेले तिन्ही स्क्रू आवळले. मग एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरले आणि अण्णांना सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पडली नाही. म्हणजे पेट्रोलचा दोष नव्हता. त्याने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या दोन्ही क्लिपा दाबून झाकण उचलले आणि मला जवळ बोलावून दाखवले.

त्या डबीत दोन छोटे धातूचे ठोकळे समोरासमोर असतात. त्यांना पॉइंट म्हणतात. एक स्थिर, दुसरा हलता. ते मिटलेले असताना कॉइलमध्ये वीज वाहते, आणि ते उघडले की त्याच क्षणी ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या गाडीत इंजिनाच्या दर फेऱ्याला ते दोनदा उघडतात. म्हणजे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे करीत असेल तर पॉइंट चार हजार वेळा उघडतो आणि मिटतो. उघडतो तरी किती? मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. स्थिर ठोकळ्याची पट्टी एका बारीक स्क्रूने आवळलेली असते. तो स्क्रू बसवला होता, पण आवळायचा राहून गेला होता. रस्त्याच्या हादऱ्यांनी पट्टी सरकली, फट बुजली, ठिणगी गेली.

"पानी में पूरा मकान नहीं डूबा," चाचा म्हणाले, "एक खिडकी खुली रह गयी थी." पाण्याचे नाव निघताच अण्णा एकदम गप्प झाले.

फट मोजायला गेज नव्हता. चाचांनी जाडसर कागद मागितला. आईच्या पिशवीत काही सापडेना. अण्णांनी खिशातून आत्याचे पोस्टकार्ड काढले, क्षणभर पाहिले आणि पुढे केले. चाचांनी ते कोपऱ्यावर दुमडून दोन्ही ठोकळ्यांच्या मध्ये धरले, पट्टी सरकवून कार्ड जेमतेम निसटेल एवढी फट ठेवली आणि पेचकसाने स्क्रू घट्ट केला. झाकण लावले. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली.

अण्णा पैसे देऊ लागले. चाचांनी हात मागे घेतला. आईने डब्यातले अनारसे आणि चिवडा बांधून दिला, तो मात्र त्यांनी आनंदाने घेतला. निघताना त्यांनी अण्णांना दोन गोष्टी सांगितल्या. त्या मी मराठीत सांगतो. पहिली अशी की वीजघरात जनित्र उघडून दुरुस्त केले की त्यावर लगेच पुरा भार देत नाहीत. आधी ते रिकामे फिरवतात, ऐकतात, हात लावून बघतात, मग हळूहळू भार चढवतात. गाडीचेही तसेच, गॅरेजातून काढली की आधी गावातल्या गावात दोन दिवस फिरवावी आणि मग परगावी न्यावी. दुसरी गोष्ट ही की भांडायला जाऊ नका. गाडी घेऊन जा आणि तो स्क्रू दाखवा. भांडलात तर तो खोटे बोलेल, दाखवलात तर शिकेल.

आम्ही हिंगोलीला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आत्या दारातच होती. ती काही बोलली नाही. अण्णांचे हात काळे झालेले तिने पाहिले, आत जाऊन कढत पाणी आणि साबण आणला आणि म्हणाली, "आधी हात धू. उपाशी आहे मी सकाळपासून." ओवाळून झाल्यावर अण्णांनी ताटात ते जाड पाकीट ठेवले. "आक्का, हे ओवाळणीचं नाही," ते म्हणाले, "हे तुझंच होतं. द्यायला उशीर झाला." पोस्टकार्ड तिच्या हाती पडले तेव्हा त्याच्या कोपऱ्याला ग्रीसचा डाग होता. तो कसा पडला ते आईने सांगितले, आणि सात वर्षांनी ती बहीणभावंडे एकत्र हसली.

*

यानंतर पुष्कळ वर्षांनी मला वाचनात वॉडिंग्टन भेटले. कॉनरॅड वॉडिंग्टन हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ. त्यांचे वडील दक्षिण हिंदुस्थानात वायनाडला चहाच्या मळ्यावर होते, त्यामुळे वॉडिंग्टन यांची अगदी पहिली वर्षे आपल्याच देशात गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात दोस्तांची जहाजे बुडवीत होत्या, आणि त्यांचा पाठलाग करणारी ब्रिटिश विमाने हवेत कमी आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये जास्त असत. हे असे का, हे शोधायला शास्त्रज्ञांची जी मंडळी बसवली तिच्यात वॉडिंग्टन होते.

त्या विमानांची दर पन्नास उड्डाणतासांनी ठरावीक तपासणी होत असे. शास्त्रज्ञांनी साधे काम केले. अचानक निघालेला प्रत्येक बिघाड हा मागल्या तपासणीनंतर किती तासांनी निघाला, याची नोंद मांडली. कुणालाही वाटेल की तपासणी झाल्याबरोबर बिघाड कमीत कमी असतील आणि पुढली तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील. निघाले नेमके उलटे! सर्वांत जास्त बिघाड तपासणीच्या लगेच नंतर, आणि मग तास उलटतील तसे कमी कमी. याचा अर्थ उघड होता. ठीक चाललेली यंत्रे वारंवार उघडण्यानेच काही बिघाड जन्माला येत होते. तपासण्यांतले अंतर वाढवले आणि कामाची आखणी बदलली, तेव्हा तीच विमाने जास्त वेळ हवेत राहू लागली. युद्धातले हे काम बराच काळ गुप्त होते. वॉडिंग्टन यांचे त्यावरचे पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले.

१९७८ मध्ये नोलन आणि हीप या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यात शंभरातल्या ६८ प्रकारच्या भागांत असे दिसले की बिघाडाचा धोका नवा भाग बसवल्यावर प्रथमच जास्त असतो आणि पुढे तो उतरून स्थिर होतो. बाळंतपणानंतरचे पहिले दहा दिवस जपायचे असतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. यंत्रांच्या बाबतीत ते कळायला विमाने उडावी लागली.

म्हणून सर्व्हिसिंगच करू नये, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. ऑइल काळे होते, ब्रेक झिजतात, टायर गुळगुळीत होतात, आणि हे सारे वेळच्या वेळी न बदलणाऱ्याला रस्ता माफ करीत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की दुरुस्ती हासुद्धा यंत्राच्या आयुष्यातला एक धोक्याचा प्रसंग आहे, आणि तो ओळखून वागावे. मेस्त्री चोर आहे म्हणून असे होते असे नाही. माणसाचा हात आहे म्हणून होते.

*

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी अण्णा गाडी घेऊन परभणीला गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून स्क्रू दाखवला आणि काय झाले ते सांगितले. मेस्त्रीचा चेहरा पडला. ते काम त्याच्या हाताखालच्या पोराने केले होते. पाडव्याच्या संध्याकाळी शेवटची गाडी म्हणून घाईने केले होते. पोरगा माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठा असेल. मेस्त्रीने त्याच्यावर हात उगारला, तो अण्णांनी धरला. "मारून स्क्रू आवळला जात नाही," ते म्हणाले. "यापुढे शेवटचा हात तुमचा असू द्या, एवढंच." मेस्त्रीने चाकांच्या नटांपासून ऑइलच्या बुचापर्यंत सगळी गाडी स्वतः फिरून तपासली आणि पैसा घेतला नाही. पुढे ज्या ज्या नटाला त्याचा पाना लागे त्यावर तो खडूची रेघ ओढी. रेघ नसेल तर काम पुरे नाही. अण्णांची ती फियाट पुढली अकरा वर्षे त्याच गॅरेजात गेली.

अण्णांनी तेव्हापासून काही नेम केले. काय काम करायचे ते आधी कागदावर लिहून द्यायचे आणि काय केले ते लिहून घ्यायचे. बदललेला जुना भाग परत मागायचा. प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी उघडायला द्यायची नाही. आणि काही बिघडलेच तर दुसऱ्याकडून उघडण्याआधी पहिल्याच मेस्त्रीला दाखवायचे. कारण दुसऱ्याचा हात लागला की शेवटचा हात कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

या शेवटच्या नेमाला कायद्याचाही आधार आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दुरुस्तीला घेतलेली वस्तू मेस्त्रीने शहाण्या माणसासारखी जपली पाहिजे. उलट केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती अडवून धरण्याचा हक्कही त्याला त्याच कायद्याने आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. सदोष सेवेबद्दल जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता येते. परंतु तेथेही पहिला प्रश्न तोच येणार: कोणते काम केले, केव्हा केले, आणि त्यानंतर कुणी हात लावला? लिहिलेला कागद ज्याच्याजवळ आहे त्याचे पारडे जड.

आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट सांगायची राहिली. त्यांनी गॅरेजचे बिल काढले. त्यावर कामांची यादी होती आणि तिच्यात बॅटरी साफ केल्याचे लिहिले होते. आम्ही दोघांनी बॉनेट उघडून पाहिले. बॅटरीच्या एका टोकाची पकड बोटाने हलत होती. शेजारी पाना घ्यायला धावले. मी म्हटले, "थांबा. आधी गॅरेजवाल्याला फोन करून बोलवा. त्याला बघू द्या."

तासाभराने तेथून एक पोरगा मोटारसायकलवर आला. सैल पकड पाहून तो ओशाळला. शेजारी बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या सौभाग्यवतींनी त्याच्यापुढे चकल्यांची बशी ठेवली. त्याने आधी पकड आवळली, मग चकली घेतली, आणि जाता जाता पुन्हा एकदा पान्याने ओढून बघितले.